पहिल्या कादंबरीपर्यंतची वाट : सिंधुदुर्गातील चार कादंबरीकार

प्रास्ताविक

मराठी कादंबरीच्या इतिहासात लेखकाच्या पहिल्या कादंबरीकडे आदराने पाहिले जाते. तिच्यात पुढील लेखनाची बीजे शोधली जातात, तिच्यातील उणिवा वयाच्या खात्यावर टाकल्या जातात आणि तिच्या प्रकाशनाचे वर्ष वाङ्मयेतिहासात नोंदवले जाते. मात्र ती कादंबरी छापली कशी गेली, हा प्रश्न बहुधा चरित्रकारांकडे सोपवला जातो. समीक्षक संहितेपासून आरंभ करतो आणि संहिता त्याच्या हाती येते तेव्हा ती पुस्तक झालेली असते. हस्तलिखित आणि पुस्तक यांच्यामधील वाट त्यामुळे विवेचनाच्या बाहेर राहते. 'प्रतिभा स्वतःची वाट स्वतः काढते' या वचनाने ही रिकामी जागा भरून काढण्याची आपल्याकडे रीत आहे.

हे वचन सिंधुदुर्गाच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे. देवगडपासून शिरोड्यापर्यंत पसरलेल्या या किनारी मुलखाने मराठी कादंबरीला वि. स. खांडेकर, चिं. त्र्यं. खानोलकर, जयवंत दळवी आणि प्रवीण दशरथ बांदेकर हे परस्परांहून अत्यंत भिन्न असे लेखक दिले. खांडेकर जन्माने सांगलीचे, पण लेखक म्हणून ते घडले शिरोड्यात. खानोलकर तेंडोली-कुडाळ परिसरातले, दळवी आरवलीचे, तर बांदेकरांची कर्मभूमी सावंतवाडी. या चौघांच्या पहिल्या कादंबऱ्या अनुक्रमे १९३०, १९६२, १९६३ आणि २००९ या वर्षी प्रसिद्ध झाल्या. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांचा कालखंड या चार पुस्तकांत सामावला आहे.

या चारही लेखकांच्या पहिल्या कादंबरीपर्यंतच्या वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहणे, त्या वाटेने कादंबरीच्या घडणीवर कोणती खूण उमटवली याचा शोध घेणे आणि त्यावरून आजच्या प्रकाशनव्यवहारासंबंधी काही म्हणता येते का ते पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. चौघांपैकी एकाच्याही बाबतीत कादंबरी हे पहिले प्रकाशित लेखन नाही. प्रत्येकाने आधी दुसऱ्या एखाद्या वाङ्मयप्रकारातून छापील जगात प्रवेश केला आणि त्या प्रकाराचे संस्कार कादंबरीत आणले, अशी मांडणी येथे केली आहे.

किनारा आणि छापखाना

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता आणि स्वातंत्र्यापूर्वी त्यातील सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. मालवण, वेंगुर्ले ही बंदरे मुंबईशी जलमार्गाने जोडलेली होती. कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू होण्यास मात्र १९९८ साल उजाडावे लागले. या मुलखातील घरटी एक माणूस मुंबईत चाकरीला, असे सरसकट म्हटले जाते. गिरणी, गोदी आणि कचेऱ्या यांच्याकडे माणसे गेली आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर गावे तगली. लेखनाच्या बाबतीत प्रवास असाच, पण उलट क्रमाने झाला. मजकूर आधी टपालाने मुंबई-पुण्याला जाई आणि माणूस मागाहून जाई, किंवा जातच नसे.

वाचनाची भूक या मुलखात पूर्वीपासून होती. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर आणि वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय या जुन्या संस्था त्याची साक्ष देतात. म्हणजे वाचक येथे होता, लेखकही होता. नव्हता तो कादंबरी छापण्याची जोखीम उचलणारा प्रकाशक. कविता एका पानात मावते, कथा मासिकाच्या आठ-दहा पानांत मावते, पण कादंबरीला कागद, जुळणी, बांधणी आणि विक्री यांचे भांडवल लागते. अनोळखी माणसाच्या तीनशे पानांवर पैसे लावण्यापूर्वी प्रकाशकाला त्या नावाची काही तरी हमी हवी असते. ही हमी नियतकालिके देत. हरिभाऊ आपट्यांच्या काळात तर नियतकालिक हेच कादंबरीचे घर होते. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः वाचकांपुढे आली. विसाव्या शतकात कादंबरी थेट पुस्तकरूपाने निघू लागली, तरी तिच्या लेखकाला वाचकांसमोर आणण्याचे काम नियतकालिकांकडेच राहिले. सिंधुदुर्गातील लेखकांच्या वाटा समजून घेताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

वि. स. खांडेकर : साप्ताहिकातून कादंबरीकडे

गणेश आत्माराम खांडेकर हे दत्तक गेल्याने विष्णू सखाराम झाले आणि सावंतवाडी परिसराशी त्यांचा संबंध जुळला. १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, तेथेच राहिले. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० साली प्रसिद्ध झाली. त्यावेळी त्यांचे वय बत्तीस होते. त्याच वर्षी मिठाच्या सत्याग्रहाने शिरोडे हे गाव देशाच्या नकाशावर आले, हा योगायोग लक्षणीय आहे.

'हृदयाची हाक' प्रसिद्ध होण्यापूर्वी खांडेकर नवखे नव्हते. 'कुमार' या नावाने कविता, टोपणनावाने विनोदी व टीकात्मक लेखन, कथा आणि 'रंकाचे राज्य' हे नाटक एवढी मजल त्यांनी मारली होती. यापैकी विशेष महत्त्वाचे आहे ते सावंतवाडीहून निघणाऱ्या 'वैनतेय' या साप्ताहिकातील लेखन. लघुनिबंधाच्या क्षेत्रातील त्यांची आरंभीची पावले या साप्ताहिकात पडली. शिरोड्यासारख्या गावी राहणाऱ्या शिक्षकाला आठवड्याच्या आठवड्याला लिहिण्यासाठी हक्काचे पान मिळणे, हा त्या काळी मोठाच लाभ होता. मुंबई-पुण्याच्या मासिकांकडे पाठवलेला मजकूर स्वीकारला जाईल की नाही याची वाट पाहावी लागे. येथे मात्र लेख छापून येई आणि चार दिवसांत त्यावर गावातल्या माणसांचे बोलणे कानावर पडे.

या उमेदवारीची खूण खांडेकरांच्या कादंबरीत स्पष्ट दिसते. सुभाषितवजा वाक्ये, प्रसंग थांबवून केलेले चिंतन, एखाद्या उपमेचा अनेक वाक्यांत केलेला विस्तार या गुणांना पुढील काळातील समीक्षकांनी दोष मानले. कृत्रिमता, अलंकारिकता, कल्पनाविलास ही दूषणे खांडेकरांना सतत ऐकावी लागली. दोषाचे मूळ केवळ लेखकाच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्याच्या लेखनाच्या शाळेत शोधले, तर वेगळा अर्थ लागतो. साप्ताहिकातील लेखाला स्वतंत्रपणे उभे राहावे लागते. दोन-तीन परिच्छेदांत वाचकाला पकडून शेवटी त्याच्या हाती लक्षात राहील असे एखादे वाक्य ठेवावे लागते. ही सवय ज्याच्या हाताला लागली त्याच्या कादंबरीतील प्रकरणेही लघुनिबंधाच्या चालीने चालणार, हे स्वाभाविक आहे. खांडेकरांच्या अफाट वाचकप्रियतेचे एक कारणही हेच असावे. कादंबरी बाजूला ठेवल्यावरही वाक्ये वाचकासोबत राहत.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. शिरोड्याचा समुद्र, तेथील शाळा आणि माणसे खांडेकरांच्या आठवणींत येतात, पण त्यांच्या कादंबऱ्यांतून मालवणी बोली जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्या वाचकवर्गापर्यंत पोहोचायचे होते तो वर्ग प्रमाण मराठीचा होता आणि ज्या नियतकालिकांतून वाट जात होती त्यांचीही भाषा तीच होती. अठरा वर्षे कानांवर पडलेली बोली कादंबरीच्या उंबरठ्याबाहेर थांबली.

चिं. त्र्यं. खानोलकर : कवितेच्या दाराने

'हृदयाची हाक' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, म्हणजे ८ मार्च १९३० रोजी, वेंगुर्ल्याजवळील तेंडोलीच्या बागलांची राई येथे चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांचा जन्म झाला. कुडाळ येथील खानावळीचा व्यवसाय, पैशाची ओढाताण आणि त्यातच चाललेले कवितालेखन हा त्यांच्या चरित्रातील भाग सर्वपरिचित आहे. 'खानावळवाला कवी' या प्रतिमेचे आपल्याकडे इतके कौतुक झाले आहे की, त्या कवीचा कादंबरीकार कसा झाला याकडे दुर्लक्ष होते.

फेब्रुवारी १९५४ च्या 'सत्यकथा'त 'शून्य शृंगारते' ही कविता 'आरती प्रभू' या नावाने प्रसिद्ध झाली आणि कुडाळातील एका अनोळखी तरुणाकडे मराठी काव्यरसिकांचे लक्ष वेधले गेले. १९५९ साली मौज प्रकाशन गृहाने 'जोगवा' हा संग्रह काढला. त्याच सुमारास खानोलकर मुंबईस आले आणि आकाशवाणीत काही काळ नोकरीस राहिले. १९६२ साली 'दिवेलागण' हा दुसरा काव्यसंग्रह आणि 'रात्र काळी, घागर काळी' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पहिल्या गाजलेल्या कवितेपासून पहिल्या कादंबरीपर्यंत आठ वर्षे गेली. यातील पाच वर्षे ते कोकणातच होते. खानोलकरांच्या संदर्भात 'मुंबईने त्यांना घडवले' असे म्हणता येत नाही, आणि 'मुंबईवाचून ते घडले' असेही म्हणता येत नाही. त्यांचे नाव मुंबईत त्यांच्याआधी पोहोचले होते.

कवितेच्या दाराने कादंबरीत शिरण्याचा परिणाम काय झाला? 'रात्र काळी, घागर काळी'मध्ये, आणि नंतर 'अजगर' (१९६५) व 'कोंडुरा' (१९६६) यांमध्येही, घटनांची साखळी कार्यकारणाच्या नियमाने पुढे सरकत नाही. एखादी प्रतिमा मध्यभागी असते आणि पात्रे तिच्याभोवती ओढली जातात. सौंदर्य, पाप, नियती या गोष्टी खानोलकरांकडे चर्चेचा विषय होत नाहीत. काळोख, पाणी, देऊळ, समुद्राची घळ अशा दृश्यांतून त्या वाचकाला जाणवतात. वास्तववादी कादंबरीची मोजपट्टी लावणाऱ्या समीक्षकाला हे कथानक सैल वाटते. पण ही कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाने आठ वर्षे ओळीवर काम केले होते आणि श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांच्या 'सत्यकथे'ने त्याला ओळीचा लेखक म्हणूनच ओळखले होते, हे ध्यानात घेतले की तिची रचना अकस्मात वाटत नाही.

येथे आणखी एक गोष्ट घडली. खांडेकरांनी शिरोड्यात राहून किनारा कादंबरीबाहेर ठेवला होता. खानोलकरांनी मुंबईत येऊन तो कादंबरीच्या केंद्रस्थानी नेला. वेंगुर्ल्याजवळच्या कोंडुरा या स्थळाचे नाव कादंबरीला मिळाले आणि पुढे श्याम बेनेगल यांच्या १९७८ च्या चित्रपटामुळे ते देशभर गेले. निवेदनाची भाषा तरीही प्रमाण मराठीच राहिली. स्थळ आत आले आणि बोली अजून दाराशीच राहिली, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

जयवंत दळवी : वृत्तपत्रातून, आणि गावाला वळसा घालून

जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांचे लहानपण वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीत गेले. नोकरीसाठी मुंबईत आल्यावर त्यांनी आधी वृत्तपत्रांत आणि नंतर अमेरिकेच्या माहिती खात्याच्या मुंबई कचेरीत, म्हणजे 'यूसिस'मध्ये, काम केले. 'गहिवर' हा कथासंग्रह १९५६ साली आला आणि 'चक्र' ही पहिली कादंबरी १९६३ साली. दोहोंमधील अंतर सात वर्षांचे आहे.

दळवींचा प्रवास वरील दोघांहून वेगळा ठरतो तो त्यांच्या स्थानामुळे. मुंबईतील नोकऱ्यांमुळे लेखक, संपादक, अनुवादक आणि प्रकाशक यांच्या रोजच्या सहवासात ते वावरत होते. खांडेकर आणि खानोलकर यांना जी व्यवस्था टपालाच्या पलीकडे होती, ती दळवींच्या टेबलाच्या पलीकडे होती. पुढे 'ललित' मासिकातून 'ठणठणपाळ' या नावाने त्यांनी याच साहित्यव्यवहाराची जी थट्टा केली, तिच्यामागे आतल्या माणसाची माहिती होती.

'चक्र'चा विषय आरवली नाही. तो मुंबईतील झोपडपट्टी हा आहे. आरवली पुस्तकरूपाने आली ती त्यानंतर, 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) या पुस्तकात. गावाकडून आलेला लेखक आधी गाव लिहितो आणि मग शहराकडे वळतो, हा सर्वसाधारण समज येथे उलटा होतो. दळवींनी पहिल्या कादंबरीसाठी बातमीदाराची नजर ज्यावर पडते तो मुलूख निवडला. भूक, वासना, दारू आणि मृत्यू यांचे भाष्यविरहित चित्रण, छोटी वाक्ये, थेट संवाद ही 'चक्र'ची वैशिष्ट्ये वृत्तपत्रीय शिस्तीशी जुळणारी आहेत. खांडेकर प्रसंग थांबवून बोलतात. दळवी बोलणे टाळतात आणि प्रसंग पुढे ढकलतात.

करूळ (ता. कणकवली) येथे १९३१ साली जन्मलेले मधु मंगेश कर्णिक हे या संदर्भात आठवतात. एस.टी.तील व नंतर शासकीय खात्यातील नोकरी सांभाळत कथालेखनातून ते पुढे आले. त्यांची 'माहीमची खाडी' (१९६९) ही गाजलेली कादंबरीही मुंबईच्या झोपडवस्तीचीच आहे. सिंधुदुर्गातून आलेल्या दोन लेखकांना एकाच दशकात मुंबईच्या वस्तीत कादंबरीचा विषय सापडावा, यात एक समान अनुभव आहे. चाकरमान्याचे मुंबईतील जगणे नेहमीच अर्धवट असते. खोलीत तो परका असतो आणि गावात पाहुणा असतो. ज्यांना खोलीही नाही अशांकडे त्याची नजर वळणे समजण्यासारखे आहे.

'चक्र'च्याच वर्षी, १९६३ साली, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' प्रसिद्ध केली. पंचविशीतल्या लेखकाचे पहिले पुस्तक हीच त्याची पहिली कादंबरी, असा हा प्रकार होता. वरील विवेचनाला हा ठळक अपवाद आहे. मात्र रा. ज. देशमुख यांच्या याच संस्थेने चार वर्षांपूर्वी, १९५९ साली, खांडेकरांची 'ययाति' काढली होती. खांडेकरी परंपरेला नकार देणारी कादंबरी खांडेकरांच्याच प्रकाशकाकडून निघाली. नावाजलेल्या लेखकाची पुस्तके खपतात म्हणून नव्या लेखकावर पैसे लावता येतात, हा प्रकाशनव्यवसायातील जुना हिशेब आहे. तो येथेही लागू पडला असावा असे अनुमान करता येते. तसे असेल, तर 'एका रात्रीत' उगवलेल्या लेखकालाही आधीच्या कोणाच्या तरी वाचकांचा आधार असतो.

प्रवीण दशरथ बांदेकर : किनाऱ्यावरूनच

प्रवीण दशरथ बांदेकर (जन्म १९६६) यांच्यापर्यंत येताना परिस्थिती पालटलेली दिसते. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले होते. लघु-अनियतकालिकांच्या चळवळीने मुंबई-पुण्याबाहेरील लेखकाला स्वतःचे व्यासपीठ स्वतः उभारण्याचा धडा दिला होता. ग्रामीण आणि दलित साहित्याने बोलीला निवेदनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये निघाली होती आणि त्यांतील अध्यापक लिहू लागले होते. कोकणापुरते बोलायचे तर १९९१ साली कर्णिकांच्या पुढाकाराने स्थापन झालेली कोकण मराठी साहित्य परिषदही याच काळातली.

सावंतवाडीत इंग्रजीचे अध्यापन करणारे बांदेकर आधी कवी म्हणून परिचित झाले. 'नवाक्षर दर्शन' या नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले. म्हणजे खांडेकरांना 'वैनतेय' मिळाले होते, तर बांदेकर स्वतःच दुसऱ्यांच्या लेखनासाठी पाने उपलब्ध करून देत होते. 'चाळेगत' ही पहिली कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. पुढे 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' (२०१६) या कादंबरीस २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

'चाळेगत'मध्ये शीर्षकापासूनच मालवणी मुलखाची भाषा कादंबरीच्या आत आहे. बदलते राजकारण, जमिनींचे व्यवहार, तुटत चाललेले गाव यांचे चित्रण करताना लेखक बोलीला संवादापुरते कोंडून ठेवत नाही. हे केवळ त्यांच्या धाडसाचे फळ मानणे अपुरे ठरेल. ज्या वाटेने ते कादंबरीपर्यंत आले, त्या वाटेवर प्रमाण मराठीचा जुना पहारा राहिला नव्हता. मुंबईस न जाता, गावच्या शिक्षकाची नोकरी न सोडता, किनाऱ्यावर राहून कादंबरीकार होता येते, हे खांडेकरांनंतर येथे पुन्हा सिद्ध झाले, आणि या वेळी किनाऱ्याच्या भाषेसह सिद्ध झाले.

गाळणीचे गुणदोष

वरील चारही प्रवासांत नियतकालिक ही एक गाळणी आहे. तिच्यातून गेल्यामुळे लेखकाचा हात तयार झाला, यात शंका नाही. संपादकाचा नकार, त्याने सुचवलेली दुरुस्ती, छापून आल्यावर वाचकाने दाखवलेली नापसंती यांतून लेखक जे शिकतो ते एकांतात शिकता येत नाही. श्री. ना. पेंडसे यांचेही उदाहरण येथे देता येईल. 'खडकावरील हिरवळ' (१९४१) या व्यक्तिचित्रांनंतर आठ वर्षांनी त्यांची 'एल्गार' (१९४९) ही पहिली कादंबरी आली. रत्नागिरी जिल्ह्यातील या लेखकाचा क्रमही सिंधुदुर्गातील लेखकांशी जुळतो.

तरीही गाळणी म्हटली की काही खाली पडते आणि काही अडकते. १९६९ साली तरुण लेखकांनी मुंबईत 'सत्यकथे'ची होळी केली. ती केवळ आततायीपणाने केली असे म्हणून चालणार नाही. ज्यांची भाषा, ज्यांचे अनुभव आणि ज्यांचा रोष त्या पानांत मावत नव्हता, त्यांनी केलेला तो निषेध होता. ज्या संपादकीय दृष्टीने खानोलकरांना हेरले, तिलाच इतर अनेक आवाज ऐकू आले नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

प्रस्तुत निबंधातील चार नावांत एकही स्त्री नाही, हेही या गाळणीच्या संदर्भात पाहावे लागते. खांडेकरांची शाळा, दळवींची कचेरी, खानोलकरांचे कुडाळहून मुंबईस जाणे या सर्व वाटा पुरुषाला मोकळ्या होत्या. मुंबईत बिऱ्हाड करून राहणाऱ्या चाकरमान्याच्या मागे शेती, सासूसासरे आणि मुले सांभाळणारी बाई गावी होती. तिच्याजवळ सांगण्यासारखे थोडे नव्हते. टपालपेटीपर्यंत पोहोचण्याइतकी सवड आणि परवानगी नव्हती. घाटावरील सुशिक्षित घरांतही १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' छापून येताना मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' हे नाव घ्यावे लागले आणि ह. वि. मोटे यांच्यासारखा धीराचा प्रकाशक लागला. किनाऱ्यावरील स्त्रीच्या न लिहिल्या गेलेल्या पहिल्या कादंबरीचा विचार केल्याखेरीज लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांचा इतिहास पूर्ण होत नाही.

आजची वाट

आज पहिले पुस्तक काढणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. संगणकीय जुळणीमुळे थोड्या प्रती छापता येतात. लेखकाने खर्च दिला की महिन्या-दोन महिन्यांत पुस्तक हाती पडते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना हस्तलिखिताचे परीक्षण करून पहिल्या पुस्तकास साहाय्य करते. हा मार्ग गाळणी ठेवून खर्चाचा भार कमी करणारा आहे आणि दूरच्या तालुक्यातील लेखकाला त्याचा उपयोग होतो. परंतु स्वखर्चाच्या प्रकाशनात परीक्षणाचा टप्पाच उरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या प्रकाशित ग्रंथांना गुणांकनात स्थान दिले. त्यानंतर महाविद्यालयीन वर्तुळात पुस्तकांची संख्या वाढली. पुस्तकाला क्रमांक मिळाला म्हणजे त्याला वाचक मिळाला, असा समज त्यासोबत रूढ होऊ पाहत आहे.

या पार्श्वभूमीवर वरील चार उदाहरणे विचार करायला लावतात. आठ वर्षे कविता लिहून कादंबरीकडे वळलेला खानोलकरांसारखा लेखक आज पहिल्याच वर्षी स्वखर्चाने कादंबरी छापू शकेल. त्याची खानावळ त्यापायी कर्जात जाईल, हा एक भाग. अधिक गंभीर भाग असा की, त्याला 'हे नको, हे पुन्हा लिहा' असे सांगणारा कोणी भेटणार नाही. पूर्वीच्या व्यवस्थेत नकाराचा अधिकार थोड्यांच्या हाती होता, हा तिचा दोष होता. आजच्या व्यवस्थेत नकार देण्याचे कष्ट घेणारेच थोडे उरले आहेत. नियतकालिके बंद पडली तरी महाविद्यालये आहेत, त्यांची भित्तिपत्रके, वार्षिकांक, वाङ्मय मंडळे आहेत. विद्यार्थ्याची कथा वाचून त्यावर दोन ओळींचा स्पष्ट अभिप्राय लिहिणे हे कोणत्याही गुणांकनात न बसणारे काम आहे. 'वैनतेय'ने शिरोड्याच्या शिक्षकासाठी जे केले ते याच जातीचे होते.

निष्कर्ष

१. अभ्यासासाठी घेतलेल्या चारही कादंबरीकारांची पहिली कादंबरी हे त्यांचे पहिले प्रकाशित लेखन नाही. कविता, कथा, लघुनिबंध अथवा वृत्तपत्रीय लेखन यांतून त्यांनी आधी वाचकांचा आणि संपादकांचा विश्वास मिळवला.

२. ज्या वाङ्मयप्रकारातून लेखक कादंबरीकडे आला त्या प्रकाराची रचनातत्त्वे त्याच्या कादंबरीत उतरली. खांडेकरांचे चिंतन, खानोलकरांची प्रतिमाकेंद्री रचना आणि दळवींचा भाष्यविरहित वेग यांचा उगम केवळ स्वभावात न शोधता त्यांच्या उमेदवारीतही शोधावा लागतो.

३. किनाऱ्याचे स्थळ आणि किनाऱ्याची बोली मराठी कादंबरीत एकाच वेळी आली नाहीत. स्थळ १९६० च्या दशकात स्थिरावले. बोलीला निवेदनाजवळची जागा मिळण्यासाठी प्रकाशनाचे केंद्र मुंबई-पुण्याबाहेर सरकावे लागले.

४. नियतकालिकांच्या गाळणीने लेखक घडवले आणि काही लेखकांना, विशेषतः स्त्रियांना व परिघावरील समूहांना, बाहेरही ठेवले. तिचे गौरवीकरण आणि तिचा सरसकट निषेध या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

५. छपाई सुलभ झाल्याने पहिल्या पुस्तकाची वाट आखूड झाली आहे. त्या वाटेवर पूर्वी भेटणारा संपादक-वाचक आज दुर्मीळ झाला आहे. ही जागा भरून काढणे महाविद्यालयीन अध्यापकांना शक्य आहे. सिंधुदुर्गातील पुढचा कादंबरीकार कदाचित आज एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला किंवा बसलेली असेल. त्याच्या किंवा तिच्या वहीतील पहिली कविता कोणी लक्षपूर्वक वाचते की नाही, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून आहे.